एका मिनिटात किती शब्द? तिसरीच्या वाचन तपासणीबद्दल

गाविलगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षं शिकवतोय. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३८. त्यातली ३४ मुलं कोरकू आदिवासी, घरी कोरकू भाषा बोलणारी.

गेल्या आठवड्यात वाचन तपासणी झाली. प्रत्येक मुलानं उतारा मोठ्यानं वाचायचा, मोबाइलवर एक मिनिट लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, आकडा तक्त्यात भरायचा. तपासायला दुसऱ्या शाळेचे गुरुजी आले होते. त्यांनी नेमून दिलेलं काम नीट केलं, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तिसरीतली एक मुलगी बसली. उतारा होता समुद्रकिनारी सहलीला गेलेल्या मुलांचा. पहिल्या दोन ओळी तिनं छान वाचल्या. तिसऱ्या ओळीत 'शिंपले' आलं. "शिं... पले" असं म्हणून थांबली. शब्द बरोबर वाचला होता. पण वाचलेल्या शब्दाचं करायचं काय, ते तिला कळेना. मागे गेली, ओळ पुन्हा वाचली, पुन्हा 'शिंपले'पाशी येऊन अडली. मग तिची नजर कागदावरून उठली आणि टेबलावरच्या मोबाइलवर गेली. आकडे पळत होते. तिथून पुढे तिनं वाचलंच नाही. शब्दाचं पहिलं अक्षर धरायचं आणि तोंडाला येईल ते म्हणायचं, असं करत मिनिट संपवलं. आकडा आला ३१.

दुपारी खिचडी झाल्यावर मी तिला ओट्यावर बसवलं. तोच कागद दिला, मोबाइल खिशात ठेवला. तिनं आधी विचारलं, "सर, शिंपले म्हणजे?" सिपना नदीत वाळूत सापडतात ती कवचं, असं सांगितल्यावर चेहरा एकदम उजळला. सगळा उतारा वाचून काढला, चार चुका केल्या, आणि अर्धं मराठी, अर्धं कोरकू बोलत गोष्ट सांगितली. शेवटी मलाच प्रश्न: समुद्राचा 'डा' खारट असतो, मग त्यातले मासे काय पितात? (डा म्हणजे पाणी.)

त्याच दिवशी एका मुलाचे ६८ शब्द आले. त्याला विचारलं, "सहलीला कोण गेलं होतं?" त्यानं मला पहिली ओळ पुन्हा वाचून दाखवली. "तिथं त्यांना काय सापडलं?" पुन्हा पहिली ओळ.

तक्त्यात हा मुलगा पुढे गेला आणि ती मुलगी मागे राहिली.

मुलांना वाचन आणि गणित पक्कं यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये आलं. त्यात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, असं उद्दिष्ट आहे. 'अर्थ समजून' हेही त्यातच लिहिलेलं आहे. आमच्या तक्त्यात मात्र रकाना फक्त आकड्याचा होता. तुमच्याकडे हे कसं करतात? विशेषतः ज्यांच्या वर्गात घरची भाषा वेगळी आहे, त्यांनी लिहा.

---

पाटीपुस्तक

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. तुमची कळकळ पोचली, पण घड्याळाची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे.

आम्ही शाळा भेटीला जायचो तेव्हा गुरुजी वर्गातली ठरलेली चार पोरं उभी करायचे. ती धडा घडाघडा म्हणायची आणि आम्ही शेरेबुकात 'वाचन समाधानकारक' लिहून पुढच्या गावाला निघायचो. एकदा एका मुलाच्या हातातलं पुस्तक मी सहज मिटलं, तर त्याचं वाचन चालूच राहिलं! धडा पाठ होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण आधीची कित्येक वर्षं मी पुस्तक मिटूनच बघितलं नव्हतं. २००५ पासून गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'चे अहवाल यायला लागले आणि पाचवीतल्या मुलालाही दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही गोष्ट लपवणं अवघड झालं.

वेगाला कारण आहे. जागतिक बँकेत काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी हे पुष्कळ मांडलंय. माणसाच्या डोक्यात ताजी माहिती फार तर काही सेकंद टिकते. एकेक अक्षर जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. मिनिटाला पंधरा शब्द वाचणाऱ्या पोराला अर्थ विचारणं हाच अन्याय आहे. म्हणून ४५-६० हा आकडा आला, कुणाच्या लहरीतून नाही.

आणि घड्याळ काढून टाकलं, तर पहिला फटका तुमच्याच मुलांना बसेल. "आदिवासी आहे, सावकाश वाचतो, असू दे" असं म्हणून त्यांना पाचवीपर्यंत ढकलत नेलेलं मी पाहिलंय.

---

गाविलगड

सर, शेवटचा मुद्दा अगदी मान्य. "असू दे" म्हणणारे मीही पाहिलेत. मुलीनं वेगानं वाचावं असं मलाही वाटतं, आणि ती वाचेलही.

पण तुम्ही असरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. असरच्या वाचन चाचणीत मिनिट नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत. मुलानं सावकाश वाचलं तरी चालतं. एकेक शब्द सुटा न म्हणता वाक्य वाचल्यासारखं वाचावं, आणि चुका तीनपेक्षा जास्त नसाव्यात. पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही हे साऱ्या देशाला घड्याळाशिवायच कळलं ना?

पंधरा शब्दांवरचं मूल आणि एकतीसवरचं मूल यांच्यातला फरक ओळखायला वेळ मोजावा लागतो, हे खरं. पण ती एकतीसवर का थांबली, हे लिहायला तक्त्यात जागा नव्हती. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातं नाही. तिच्यात सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. आपल्यासारखं पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग नाही. 'गाय आली' असं छापलेलं माझी मुलं 'गाय आला' वाचतात. नियमानं ती चूक. पण नीट बघितलं तर मुलानं 'गाय' वाचली, तिला समजून घेतलं आणि पुढचा शब्द स्वतःच्या भाषेच्या वळणानं पूर्ण केला. अक्षर ओळखता न आल्यानं झालेली चूक आणि ही चूक, दोन्हींचा एकेकच शब्द वजा होतो.

---

काना_मात्रा

मला भाषेचा हिशेब मांडायचाय. मी आधी हिंदी माध्यमात शिकवत होते, आता मराठी माध्यमात आहे, त्यामुळे ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते.

हे वाक्य घ्या:
आजोबांच्या घरासमोरच्या आंब्याखाली मुलं खेळत होती.
शब्द ६, अक्षरं २१.

हेच हिंदीत:
दादाजी के घर के सामने वाले आम के नीचे बच्चे खेल रहे थे.
शब्द १३, अक्षरं २४.

दोन्ही वर्गांत मुलानं जवळजवळ तेवढीच अक्षरं वाचली. पण हिंदीतल्या मुलाच्या नावावर १३ लागले आणि मराठीतल्या मुलाच्या नावावर ६. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, हिंदीत 'के', 'में', 'से' सुटे राहतात. मग दोघांनाही मिनिटाला ६० कसं लावायचं? कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळमची तर आणखी अडचण, तिथं शब्द याहून लांब.

आणि २१ अक्षरं म्हणजे २१ सारखे घास नव्हेत. 'च्या' वाचायला अर्धा च, य आणि काना, इतकं सगळं एका नजरेत यावं लागतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य, 'सूर्य'मधला रफार, 'ग्राम'मधला र, 'राष्ट्र'मधला र: एकच र चार कपडे घालून येतो. 'किती' म्हणताना उच्चार आधी क चा आणि डोळ्याला आधी भेटते वेलांटी. सोनाली नाग यांनी कानडी मुलांच्या वाचनावर काम केलंय. इंग्रजीची २६ अक्षरं लवकर संपतात, आपल्या लिप्यांमधली शेकडो चिन्हं शिकायला मुलांना कित्येक वर्षं लागतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं. मराठी मूल दुसरीच्या शेवटी जोडाक्षरांशी झगडत असेल, तर ते मागे नाही, वेळेवर आहे.

---

पाटीपुस्तक

वाक्य तुम्ही सोयीचं निवडलंत, ताई. दुसरीच्या उताऱ्यात 'घरासमोरच्या आंब्याखाली' कुठे असतं? 'राजू रोज शाळेत जातो' असलं असतं.

---

काना_मात्रा

खरं आहे, फरक दिसावा म्हणून लांब शब्दांचं वाक्य घेतलं. तुमचंच वाक्य मोजू. राजू रोज शाळेत जातो, चार शब्द. राजू रोज स्कूल जाता है, पाच. फरक कमी झाला, पण गेला नाही. मूल तिसरीत गेलं की उताऱ्यात 'झाडाखालच्या', 'बाजारातून', 'आईबरोबर' हे येणारच, आणि ६० ची अट तिसरीलाच आहे.

आणि ही गोष्ट वरच्या लोकांना माहीत नाही असं नाही. देशाची शालेय पुस्तकं करणाऱ्या एन.सी.ई.आर.टी.नं २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययनाचा मोठा अभ्यास केला. २० भाषांत, प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून. त्यात ओघवत्या वाचनाचे टप्पे भाषेप्रमाणे वेगळे ठरवले आणि समज त्याला जोडली. म्हणजे अभ्यास करताना भाषा वेगळी धरली. वर्गातल्या तक्त्यापर्यंत येईतो पुन्हा सगळ्यांना एकच ६० उरला.

---

परसदार

न्यू जर्सीहून लिहितेय. मुलगी दुसरीत. इथं वर्षातून तीनदा डिबेल्स नावाची तपासणी होते. ओरेगन विद्यापीठातली, एक मिनिटाचीच. इथल्या प्रचलित तक्त्यात (हॅसब्रुक आणि टिंडल, २०१७) दुसरीच्या अखेरीस मधल्या मुलाचा आकडा १०० आहे. माझ्या लेकीचा ७१ आला, शाळेतून पत्र आलं आणि आम्ही दोघं नवराबायको रात्रभर जागे.

उतारा बेसबॉलच्या सामन्याचा होता, हे नंतर कळलं. आमच्या घरात क्रिकेट. 'इनिंग' तिला माहीत होतं, पण एका सामन्यात नऊ इनिंग असतात हे वाचून ती थांबली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं छापताना चूक झाली." वाचता वाचता अर्थ तपासत होती पोर! त्या थांबण्याचे तिचे शब्द गेले. मूल तीन सेकंद अडलं की शब्द सांगायचा आणि चूक धरायची, असा नियम आहे.

पण त्याच नियमावलीतली एक चांगली गोष्टही सांगते. बोलीमुळे किंवा उच्चाराच्या अडचणीमुळे शब्द वेगळा ऐकू आला, तर तो चूक धरायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. मुलानं तीन सेकंदांत स्वतःच सुधारलं, तर बरोबर. आपल्याकडच्या तक्त्याबरोबर अशी सूचना येते का?

अजून एक. इलिनॉय विद्यापीठातून १९७९ मध्ये एक अभ्यास आला: मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन. भारतीय आणि अमेरिकन मोठ्या माणसांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाचं, एक अमेरिकन लग्नाचं. दोन्ही गटांनी आपापल्याकडचं पत्र जास्त वेगानं वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन नवरीनं आजीचा जुना झगा घातला होता. त्यांच्याकडे ते कौतुकाचं. काही भारतीय वाचकांनी मात्र झगा जुनापुराणा, फॅशन गेलेला असा अर्थ लावला. हे शिकलेसवरलेले लोक, बरं का. विषय ओळखीचा नसला की त्यांचाही वेग पडला. मग मेळघाटातल्या आठ वर्षांच्या मुलीला समुद्रकिनारा देऊन तिचा वाचनाचा वेग मोजला, असं आपण कसं म्हणणार?

---

बोरीकाठ

परसदार ताईंनी बोलीचं लिहिलं म्हणून मी लिहिते. आमचा भाग अहिराणीचा. घरात 'डोळा' नाही, 'डोया'. 'काळा' नाही, 'काया'. माझा दुसरीतला भाचा पुस्तकात 'काळा' बघतो आणि बिनचूक 'काया' वाचतो, कारण ती वस्तू त्याच्या घरात त्याच नावाची आहे. अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या तोंडानं म्हटला. अजून काय करायचं त्यानं?

त्याच्या बाईंना हे समजतं, त्या हसून पुढे जातात. पण आता त्याचे वडील मोबाइलवरच्या एका वाचनाच्या ॲपवर सराव घेतात. ते ॲप त्याच्या प्रत्येक 'ळ'ला लाल करतं. परवा त्यानं माझ्यासमोर 'काया' म्हटलं, लाल झालं. 'काला' म्हटलं, लाल झालं. मग फोन तोंडाजवळ नेऊन ओरडून म्हटलं. शेवटी फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "मावशी, माले वाचता येत नही." ज्याला वाचता येतं त्या पोरानं हे म्हटलं. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही.

यंत्राला बोली कळत नाही हे परदेशातही दिसलंय. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची, बोललेलं ऐकून लिहिणारी यंत्रणा तपासली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे १९ चुका, काळ्या माणसांच्या बोलण्यात ३५. बोलणाऱ्यांत काही खोट नव्हती. आता वर्गातली तपासणीसुद्धा अशा यंत्रांकडे द्यायची चर्चा चालते. तेव्हा वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी पोरांचे आवाज आधी त्यात भरलेत का, एवढं तरी कुणी विचारणार का?

---

सावकाशबोल

वाचा-उपचार हे माझं काम, थोडक्यात लिहिते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत अडखळत बोलणारी पुष्कळ. त्यांच्या बाबतीत मिनिटाचा आकडा वाचनाबद्दल काहीच सांगत नाही, तो बोलण्याबद्दल सांगतो. आणि घड्याळ दिसलं की अडखळणं वाढतं. अशा मुलाला मूकवाचन करू द्यावं आणि मग प्रश्न विचारावेत, तोंडी जड जात असेल तर चित्र दाखवायला किंवा लिहायला सांगावं. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला आपण तासाला २० मिनिटं जास्त देतो. सात वर्षांच्या मुलाला साठ सेकंदांवर एकही जास्त द्यायला तयार नसतो, कारण त्याच्याकडे अजून प्रमाणपत्र नाही.

---

कोपीतला

बीड जिल्हा. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी कोपीवर (तोडणी मजुरांच्या झोपडीत) वाढलो. आता प्राथमिक शिक्षक आहे.

इथं भाषेचा प्रश्न नाही, आमची पोरं मराठीच बोलतात. आमचा प्रश्न कॅलेंडरचा. दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि पोरं परत येतात मार्च-एप्रिलात. हंगामी वसतिगृहात काही राहतात, पण धाकट्याला सांभाळायला थोरलीला न्यावंच लागतं. पाच महिने ज्या पोरीच्या हातात पुस्तक नव्हतं, ती आली की पंधरा दिवसांत तपासणी. माझ्या वर्गातली एक जाताना ४० वाचत होती, आल्यावर २२. तिला 'मागे' म्हणायचं की आपण पाच महिने तिच्यापर्यंत पोचलो नाही म्हणायचं?

मी तिचे आकडे वहीत स्वतंत्र ठेवतो, तिच्याच जुन्या आकड्यासमोर. जूनमध्ये २२ चे ३५ झाले तेव्हा तिला वही दाखवली. तिनं बोट ठेवून दोन्ही आकडे वाचले आणि विचारलं, "सर, दिवाळीच्या आधी ५० होतील का?" म्हणून पाटीपुस्तक सरांसारखंच मीही म्हणतो, घड्याळ फेकू नका. फक्त तो आकडा पोरीचा आणि माझा राहू द्या. तालुक्याच्या बैठकीत भिंतीवर झळकला की पुढच्या वेळी गुरुजी वाचन शिकवायचं सोडून मिनिटाचा सराव घेतात. तोच उतारा आठवडाभर. ६८ शब्द वाचणारं आणि पहिल्या ओळीत अडकलेलं पोरगं असंच तयार होतं.

---

पाटीपुस्तक

कोपीतला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भिंतीवरच्या तक्त्याबद्दल माझं मत बदलतोय. आम्हीच ते तक्ते मागायचो. वरून मागितले जायचे म्हणून आम्ही खाली मागायचो, आणि शाळेत पोचेपर्यंत तो वाचनाचा आकडा न राहता गुरुजींचा आकडा व्हायचा.

गाविलगड, तुमच्या केंद्राची शिक्षण परिषद कधी आहे? नुसती तक्रार नेऊ नका. तपासणी कशी घ्यायची ते लिहून न्या, एका पानात. साहेब लोक एक पान वाचतात.

---

गाविलगड

सर, परिषद शनिवारी आहे. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेल्यातून एक पान केलंय, इथंच टाकतो. काही सुटलं असेल तर सांगा.

उतारा दोन प्रकारचा ठेवावा, एक मुलाच्या परिसरातला, एक बाहेरचा, आणि दोन्हींचे आकडे वेगळे लिहावेत. बाहेरच्या उताऱ्यातले दोन-तीन अनोळखी शब्द वाचनाआधी बोलून घ्यावेत. वेळ मोजावा, पण मोबाइल मुलाला दिसू नये. मिनिट संपलं तिथं शिक्षकानं पेन्सिलीची खूण करावी आणि मुलाला उतारा शेवटपर्यंत वाचू द्यावा. बोलीतला उच्चार आणि लिंगाची अदलाबदल चूक धरू नये, बाजूला नोंदवावी. गोष्ट कुठल्याही भाषेत सांगायची मुभा असावी. मला कोरकू जेमतेम येतं, म्हणून चौथीतल्या एका मुलीला शेजारी बसवतो. समजेचा रकाना आकड्याच्या आधी असावा. शब्दांबरोबर अक्षरंही मोजावीत. काना_मात्रा ताईंनी सांगितलं तसं करून बघितलं, एका उताऱ्याला दहा मिनिटं लागतात, तेही एकदाच. आणि मुलाचा आकडा त्याच्या आधीच्या आकड्याशेजारी लिहावा.

काल हे सगळं त्याच मुलीवर करून बघितलं. उतारा मी लिहिला: पहाटे आईबरोबर मोह वेचायला जायचं, टोपलीत फुलं, वाटेत अस्वलाचे ठसे. मोबाइल माझ्या मांडीवर पालथा. मिनिटाची खूण पडली ४९ व्या शब्दावर, दोन चुका. ती पुढे वाचतच राहिली. अस्वलापाशी आल्यावर थांबली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, तुम्ही चुकीचं लिहिलंय. अस्वल मोह खायला झाडाखाली येतं, वाटेवर ठसे कशाला शोधायचे?"

उतारा दुरुस्त केलाय. शनिवारी दुरुस्त केलेलाच नेतो.